मदत हवी आहे: जुन्या मुंबई एफएमच्या कॅसेट कुणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी, यंदा आमच्या आळीच्या गणपतीत देखावा रेडिओवर करायचं ठरलंय, आणि पोरांना विविध भारती वगैरे नको, त्यांना ते २००२ चं मुंबईचं हिट गाण्यांचं एफएम हवंय. आपल्या थळ-वरसोलीकडे समोर उघडा समुद्र म्हणून मुंबईची स्टेशनं टिपटॉप लागायची, डोंगराआड गेलं की नुसती खरखर. आमचे काका तर रेडिओ माडाला टांगून ठेवायचे!

माहिती थोडी जमवलीय. देशातलं पहिलं खाजगी एफएम २००१ ला बंगळुरूत सुरू झालं, २००२ ला मुंबईत रेडिओ मिर्ची, रेड एफएम, गो ९२.५, विन ९४.६ अशी रांगच लागली. पण सरकारला द्यायची लायसन फी फिक्स, वर ती दरवर्षी १५ टक्के वाढणार, आणि जाहिराती काही तेवढ्या नाहीत, मग काय होणार, विन बंदच पडलं. २००५ च्या धोरणात कमाईतला ४ टक्के हिस्सा द्यायचं ठरलं तेव्हा कुठे धंदा रुळावर आला. बातम्यांना बंदी होतीच, म्हणून दिवसभर तीच तीच गाणी (मला तरी कंटाळा यायचा).

आता हवंय काय तर त्या काळी रेडिओवरून टेप केलेली कॅसेट, खास करून विनची, मधली बडबड आणि जाहिराती न कापलेली. बुरशी आलेली असली तरी चालेल, साफ करून घेतो. अलिबाग, चोंढी, रेवस कुठेही स्वतः येऊन नेतो नि परत आणून देतो.