चॉर्टल आणि गिगल एकच नव्हेत

हसण्यासाठीचे 'चॉर्टल' आणि 'गिगल' हे दोन इंग्रजी शब्द एकच, असं कुणीतरी म्हटलंय. नाही पटलं बुवा! चॉर्टल हे क्रियापद इंग्रज लेखक लुईस कॅरलने १८७१च्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मधल्या कवितेत घडवलं. 'चकल' (गालातल्या गालात हसणं) आणि 'स्नॉर्ट' (नाकाने फुरफुरणं) यांची ती सांधेजोड मानतात, त्यामुळे त्यात आनंदासोबत नाकातून सुटलेला फुस्कारही आहे. कवितेत पोराने राक्षस मारल्यावर बाप हर्षाने असा हसतो. गिगल म्हणजे खिदळणं, शाळेतल्या मागच्या बाकावरचं. आपल्या ठाण्यात गडकरी रंगायतनला एखादी कोपरखळी बसली, की हसू दाबता दाबता शेजारचे काका जे फिस्सकन फुटतात, ते चॉर्टल. ऑफिसच्या ईमेलमध्ये मात्र 'साहेब चॉर्टलले' असलं काही लिहू नका. साहेबांना नाही आवडायचं.