शब्दचर्चा: 'लेटन्सी'ला मराठीत काय?

बोरू: जेमीटर, म्हणजे सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवून उत्तराचा वेळ मोजणारं टूल, त्याच्या अहवालाचं मराठी करतोय. एकाच तक्त्यात 'इलॅप्स्ड' आणि 'लेटन्सी' शेजारीशेजारी. पहिला म्हणजे रिक्वेस्ट सुटण्याच्या जरा आधीपासून उत्तराचा शेवटचा भाग येईपर्यंतचा वेळ. दुसरा, पहिला भाग येईपर्यंतचाच. जोडणीचा वेळ दोन्हींत धरलेला. मी 'प्रतिसादकाल' आणि 'विलंब' लिहिलं. तपासणाऱ्याने 'विलंब' खोडला: ४० मिलिसेकंदांत उत्तर आलं तर उशीर कसला?

अडकित्ता: बरोबर खोडला. विलंबाला दंड असतो, वीजबिल बघा.

षड्ज: मग विलंबित ख्याल काय उशिरा सुरू होतो? धातू 'लंब्', लोंबणे. दोषाचा वास नंतरचा.

खुरपं: 'लेटन्सी'चं इंग्रजी 'लेट'शी नातंही नाही. लॅटिन 'लातेरे', दडून असणे. म्हणून तर शाळेत लेटंट हीटला 'अप्रकट उष्मा'. दडणकाळ म्हणा!

अडकित्ता: दडणकाळ म्हणे. ऑफिसच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये बोलून दाखवा.

रवाळ: दडण्यावरून आठवलं. टूल दर १० मिलिसेकंदांनी एक रिक्वेस्ट सोडतंय, पण आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची नाही. सर्व्हर ५० सेकंद १ मिलिसेकंदात उत्तरं देतो, मग ५० सेकंद गोठतो. नोंदी ५,००१, वाईट एकच, ९९वा शतमक (शंभरातली ९९ उत्तरं ज्याच्या आत येतात तो वेळ) १ मिलिसेकंद! रिक्वेस्ट वेळच्या वेळी सुटल्या असत्या तर तोच ४९ सेकंदांच्या आसपास गेला असता. सॉफ्टवेअरचा वेग मोजण्यातले जाणकार गिल टेने यांनी याला 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' म्हटलं, म्हणजे संगनमताने वगळणं. उपाय: उत्तराची वाट न पाहता ठरल्या गतीने सोडा, आणि घड्याळ रिक्वेस्ट सुटायला हवी होती त्या क्षणापासून लावा.

षड्ज: टूल आणि सर्व्हरची मिलीभगत! हाच प्रतिशब्द.

अडकित्ता: 'पर्सेंटाइल' सीईटी देणाऱ्या प्रत्येक घरात कळतं, तिथे 'शतमक' कशाला?

रवाळ: चतुर्थक, दशमक चालतात, शतमकच टोचतो?

बोरू: पुढच्या पानावर सोक टेस्ट आहे. 'भिजवण चाचणी'?

खुरपं: साबुदाणा आहे का? मुरवण म्हणा. भार नेहमीचाच, पण ८ तास, २४ तास, कधी ७२. तासाभराच्या लोड टेस्टमध्ये मेमरी लीक (काम झालं तरी मेमरी मोकळी न होणं) लपून जाते. इथे दर पूर्ण जीसीनंतर, म्हणजे नको असलेली मेमरी झाडून काढल्यावर, हीप (प्रोग्रॅमची वापरायची मेमरी) किती भरलेला उरतो ते बघायचं. ती तळरेषा चढतच राहिली की समजा, कुठेतरी पाणी मुरतंय.

अडकित्ता: मुरलेलं लोणचं चांगलं असतं हो. मुरलेला सर्व्हर आउट ऑफ मेमरी होऊन पडतो.

खुरपं: मीठ कमी पडलं तर लोणचंही नासतं.

बोरू: आणि माझा तो 'लेटन्सी'चा स्तंभ?