तांबडी गाय तपकिरी कधी झाली?

माळावरचा:
मंडळी, घरातलं भांडण इथं आणतोय. मागच्या महिन्यात कंधारकडं मामाच्या गावी होतो. गाईचा विमा काढायचा होता आणि फॉर्म भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जात लाल कंधारी, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, शिंगं, शेपटीचा गोंडा, सगळं लिहिलं. रंगाच्या रकान्यात गाईकडं नीट बघून 'तपकिरी' लिहिलं. मामानं वाचायला लावलं अन् तिथंच बिनसलं. "तपकिरी कामून लिहिलास रं? तांबडी हाय ती. चॉकलेट वाटायली का तुला?" मी मोबाईलवर फोटो काढून रंग ओळखणाऱ्या ॲपला दाखवला. तेही ब्राऊन म्हणालं. मामा म्हणाले, "मग मोबाईलचाच विमा काढ."

शेवटी 'लाल' लिहून मोकळा झालो. पण लाल, तांबडा आणि तपकिरी यांच्या हद्दी नेमक्या कुठं आहेत? आमची आज्जी तपकीर ओढायची, डबी कायम कनवटीला. तरी रंगाचं नाव म्हणून हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकल्याचं आठवत नाही.

उदगिरी:
आमच्या देवणी गाईबैलांचं बरं आहे बघा. पांढऱ्यावर काळं. भांडणच नाही.

खुंट्यावरचा:
@उदगिरी, तुमच्याकडंही आहेच की. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार. तोंड काळं तो वानेरा, जवळजवळ सगळा पांढरा तो बालंक्या, अंगभर काळे डाग तो शेवरा. बाजारात "रंग कोणता?" विचारलं की "शेवरा" हे उत्तर चालतं. 'बांडा', म्हणजे दोन रंगांचा, तसंच. शाळेच्या पुस्तकात बांडा हा रंग नाही. माळेगावच्या जनावरांच्या यात्रेत मात्र आहे. जनावरवाल्याला रंग म्हणजे सगळी कातडी, डागांसकट. तुमच्या फॉर्मवाल्याला रंगपेटीतल्या कांडीचं नाव पाहिजे होतं. दोघांचा रकाना एकच, प्रश्न वेगळे.

जुना कोश:
मामांची बाजू व्युत्पत्तीनं भक्कम आहे. तांबडा हा तांब्यापासून आलेला, संस्कृत ताम्र. आता घरातला तांब्याचा हंडा डोळ्यांसमोर आणा. चिंचेनं घासला की गुलाबीकडं झुकतो, चार दिवसांत काळपट तपकिरी होतो. शब्द ज्या वस्तूवरून आला तिच्यातच लाल ते तपकिरी हा सगळा पट्टा आहे. म्हणून तांबडा भोपळा आतून नारिंगी असूनही तांबडा, पहाटही तांबडी, मातीही तांबडी. 'लाल' त्या मानानं चोख. फारसीत लाल म्हणजे माणिक.

तपकिरी मात्र उशिरा आलेला पाहुणा. तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांबरोबर आली, 16व्या शतकाच्या अखेरीस किंवा 17व्याच्या सुरुवातीला. तंबाखूशिवाय तपकीर नाही, आणि तपकिरीशिवाय तपकिरी रंग नाही. त्याआधी लोक आंधळे होते असं नाही. तांबूस, पिंगट, भुरा, कपिला गाय यांत भागत होतं. आणि निरनिराळ्या वस्तूंनी आपापलं नाव लावलं. काताचा कथ्थी, धुळीचा खाकी (फारसीत ख़ाक म्हणजे धूळ), मग कॉफी, मग चॉकलेटी. या रंगाला मराठीत स्वतःचं घर नाही, भाड्यानं राहतो.

बर्लिन आणि के या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1969 साली मांडलं होतं की भाषांमध्ये रंगांची मूळ नावं साधारण एका क्रमानं येतात. आधी काळा-पांढरा, मग लाल, मग हिरवा-पिवळा, मग निळा, आणि तपकिरी त्यानंतर. पुढं या क्रमावर वाद बरेच झाले, पण आपल्या तपकिरीपुरता तो पटतो.

मॅचिंग सेंटरवाली:
आमच्या धंद्यातली आणि स्वयंपाकघरातली गोष्ट सांगू का? कांदा परतताना "तांबूस होईस्तोवर" असंच म्हणतो. तपकिरी होईस्तोवर परतला तर तो करपलेलाच वाटेल. भाकर लालसर भाजतो. पोटात जाणाऱ्या गोष्टीला तपकिरी शब्दच लागत नाही.

दुकानात वेगळीच तऱ्हा. आमसुली साडीवर ब्लाऊजपीस शोधायला बाई येते. ट्यूबलाइटखाली तुकडा ठेवला की हुबेहूब. म्हणून आम्ही गिऱ्हाईकाला आधी दारात नेतो, "ताई, उन्हात बघा." दहातल्या दोन-तीन जोड्या उन्हात फुटतात. एक तांबूस निघतो, एक जांभळट. नवीन पोरीला वाटतं कापडानं फसवलं. आणि पैठणीतला धूपछाव तर विचारूच नका. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. चालताना पदर हलला की रंग बदलतो. बिलावर काय लिहायचं? आम्ही 'धूपछाव' असंच लिहितो. तो रंग नाही असं आजवर कुणी म्हणालं नाही.

फळा-खडू:
ताई, फसवत कुणीच नाही. डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. त्या सगळ्यात जास्त टिपतात त्या प्रकाशलहरींची लांबी साधारण 420, 530 आणि 560 नॅनोमीटरच्या आसपास. कापडावरून कितीही लहरींचं मिश्रण आलं तरी मेंदूकडं तीनच आकडे जातात. दोन वेगळ्या मिश्रणांचे तीन आकडे जुळले की तुमचं मॅचिंग जमलं. उजेड बदलला की मिश्रण बदलतं, आकडे फुटतात. मोबाईल याच युक्तीवर चालतो. त्यात पिवळा दिवा नसतोच, लाल-हिरवा मिळून पिवळा भासवतात.

आता तपकिरी. तपकिरी दिवा कुणी पाहिलाय? सिग्नलला, लग्नाच्या माळेत, कुठंही? न्यूटनच्या 1704च्या 'ऑप्टिक्स'मध्ये सात रंग आहेत, त्यात तपकिरी नाही. इंद्रधनुष्यातही नाही. तपकिरी म्हणजे नारिंगीच, भोवतालापेक्षा मंद असलेला. करून बघा. मोबाईलवर पांढऱ्या पानावर तपकिरी चौकोन काढा. आता भोवतीचं पान काळं करा, खोलीतले दिवे घालवा, स्क्रीनचा उजेड वाढवा. तोच चौकोन नारिंगी दिसू लागतो. चौकोनाला हातही लावलेला नसतो. म्हणजे 'तपकिरी' हे नाव एकट्या प्रकाशाचं नाही, शेजाऱ्यांसकट प्रकाशाचं आहे. गाईमागं उन्हानं तापलेलं पांढरं आभाळ असेल तर ॲप ब्राऊन म्हणणारच.

आणि संध्याकाळी गुरं परततात तेव्हा बघा. बाभळीचा पाला अजून हिरवट असतो, पण लाल कंधारी पार काळी झालेली असते. अंधारात डोळ्यातल्या दुसऱ्या, दंडपेशी काम करतात आणि त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही. 19व्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं हे फुलांच्या बाबतीत टिपलं होतं.

उदगिरी:
म्हणजे विम्याचा माणूस दिवसा आला तर तांबडी, दिवेलागणीला आला तर काळी. क्लेम नामंजूर.

मॅचिंग सेंटरवाली:
@फळा-खडू सर, मग आमच्या शाळेत 'रंगीत ड्रेस' म्हणजे गणवेश सोडून काहीही, पांढरा शर्ट घातला तरी रंगीत, याचं काय?

फळा-खडू:
त्याला विज्ञानात उत्तर नाही ताई. तो शब्द मुख्याध्यापकांच्या हद्दीत येतो.

माळावरचा:
सर, चौकोनाचा प्रयोग केला. झाला नारिंगी! मामांना फोन करून सगळं सांगितलं. तांब्याच्या हंड्याचं ऐकून खूश झाले, "मी काय म्हणलो होतो?" मग मी जरा डिवचलं. म्हटलं, मामा, गुरांच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या शंकुपेशी असतात, त्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, तुमच्या गाईला ती तांबडी आहे हेच ठाऊक नाही. मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तिला ठावं नसंल. म्हणून मी काय तिला हिरवी लिहू?"

बरं, 'भुरा' राहिलाच. कोशवाले, आमच्याकडं बैल भुरा असतो, पोराचे उन्हानं झालेले केसही भुरे. दोन्ही एकच रंग का?