संक्रांत आणि लुसिया: सूर्य पुढे, सण मागे

नाताळ आणि संक्रांत दोन्ही मुळात उत्तरायणाचे सण, असं म्हटलं जातं. त्यात भर घालतो. खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. साधारण १७०० वर्षांपूर्वी मकर संक्रमण त्याच सुमारास होत असे. आपली पंचांगं सूर्याचं स्थान ताऱ्यांच्या संदर्भात धरतात आणि परांचनामुळे (पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे) साधारण ७० वर्षांनी एक दिवसाचा फरक पडतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, त्या दिवशी संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ला येते.

स्वीडनमध्येही असंच झालं. तिथे १३ डिसेंबरला लुसियाचा सण असतो. पांढरा झगा घातलेली मुलगी डोक्यावर दिव्यांचा मुकुट घेऊन पहाटे गाणी म्हणत येते. जुन्या ज्युलियन कॅलेंडरनुसार चौदाव्या शतकात वर्षातली सर्वांत मोठी रात्र याच तारखेच्या आसपास यायची. १७५३ साली स्वीडनने आजचं कॅलेंडर घेतलं आणि ती रात्र २१-२२ डिसेंबरला येऊ लागली, पण सणाची तारीख तीच राहिली.

पण मला वाटतं, सण टिकतो तो निव्वळ खगोलामुळे नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन बघा. काळी-तांबडी सुगडं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, बोरं, गाजरं, उसाचे करवे. सुगडात पडतं ते सगळं त्याच हंगामात शेतात आलेलं. ओवशाचं ते वाण सूर्याइतकंच रब्बीच्या शेताचं आहे. लुसियाचं मूळ शोधतानाही तिथल्या हिवाळ्यातल्या घरकामाकडे आणि कोठारांकडे बघायला हवं.