काका आधी फौजी की वकील?

एकाने विचारलंय, नुकतेच गेलेले आमचे काका फौजेत होते तर वकील कधी झाले? १९६२च्या चीन युद्धानंतर तरुणांना इमर्जन्सी कमिशन (म्हणजे तातडीने केलेली अधिकारी-भरती) मिळालं, त्यातले ते. १९६५ची लढाई पाहिली, फौजेतून सुटल्यावर नागपुरात एलएलबी. पुढची सगळी हयात सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात.

नव्वदीच्या घरात आले तरी बूट स्वतःच घासायचे. पॉलिशची डबी कायम खिडकीत. जवानांच्या बायकांच्या पेन्शनच्या केसला फी घेत नसत. "आधी कागद आण," एवढंच म्हणायचे. लढाईचं विचारलं की विषय संत्र्यांवर (बाग नव्हती हो, तरीही!).

परवा काकांच्या अंत्यविधीला अंबाझरी घाटावर नऊवारीतली एक म्हातारी लांब उभी होती. कोणाच्याच ओळखीची नाही. हातातल्या पिशवीत पेन्शनचं पासबुक.