कबुलीनंतरची पाने

चूक कबूल केल्यावर आई जवळ घेते आणि गोष्ट संपते, अशी चित्रपुस्तके मुलांना जबाबदारी शिकवायला पुरेशी आहेत, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. कबुली अवघड असते, हे खरे. भावाच्या कड्यातले सोने चोरल्याचे गांधीजींना वडिलांना तोंडाने सांगवले नाही, म्हणून त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून दिले आणि त्यातच शिक्षाही मागितली. पण चित्रपुस्तकांत कबुलीनंतरचे काम, म्हणजे सांडलेले पुसणे, मोडलेले जोडणे, बहुधा शेवटच्या पानावर गुंडाळले जाते. ही पुस्तके पुष्कळदा ३२ पानांची असतात, कारण छपाईच्या कागदाच्या घड्या ८ किंवा १६ पानांच्या पटीत बसतात. त्यांतली चार-पाच पाने दुरुस्तीला द्यायला हरकत नसावी.

आमच्या दादरच्या घरी पाच वर्षांच्या भाचीने वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचे पान फाडले, तेव्हा तिने ‘सॉरी’ लगेच म्हटले (हा शब्द आता फार स्वस्त झाला आहे). चिकटपट्टी मात्र तिच्याच हाती दिली. पट्टी तिरकी बसली, माकडाचे शेपूट अर्धा इंच सरकले, आणि पुस्तक परत करताना ते पान उघडून ग्रंथपालबाईंना तिनेच दाखवले. त्या ‘असू दे गं’ म्हणाल्या, तेव्हा ती जरा खट्टू झाली. तिला पट्टी कशी लावली ते सांगायचे होते.

मजकुरातून उपदेश न करता चित्रातच असा तिरका जोड दाखवणारी मराठी पुस्तके कोणाच्या पाहण्यात असतील, तर कृपया नावे कळवावीत.