सोसायटीतील उन्हाळी कलावर्ग आणि मेअखेरची कौटुंबिक संध्याकाळ : दहा दिवसांत काय शिकवावे?

प्रश्न – ठाणेकर_आई

आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीत यंदा माझे नाव आले आहे. मे महिन्यात दहा दिवस, सकाळी नऊ ते अकरा, सहा ते चौदा वयोगटातील सुमारे तीस मुलांसाठी कलावर्ग घ्यायचा आणि अखेरच्या शनिवारी सर्व कुटुंबांसाठी एक सांस्कृतिक संध्याकाळ करायची, असा बेत आहे. जागा म्हणजे क्लबहाउस आणि त्यापुढचे पटांगण. खर्चाची तरतूद बेताचीच आहे.

गेल्या वर्षीचा अनुभव आधी सांगते. दहा दिवसांत दहा गोष्टी शिकवल्या : चहाचे मग रंगवणे, कागदाच्या घड्या, मातीचे दिवे, विस्तवाविना पाककला, चित्रपटगीतांवरचा नाच आणि आणखी बरेच काही. मुले रोज हातात काहीतरी घेऊन घरी येत होती, पण आठवड्याभराने माझ्या मुलीला त्यातले एकही काम पुन्हा एकटीने करता येईना. संध्याकाळचा कार्यक्रम सहाला सुरू व्हायचा तो भाषणे आणि सत्कारांमुळे सव्वासातला सुरू झाला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई असते हे आम्हां सर्वांना ठाऊक होते, तरीही बत्तीस कार्यक्रमांची यादी तशीच पुढे रेटली. दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागला, आणि पाच वाजल्यापासून नऊवारी नेसून, गजरे माळून बसलेल्या नऊ मुलींचा नाच राहूनच गेला. एका मुलीने रडत रडत बाहीने लाली पुसली, ते मी अजून विसरलेले नाही.

यंदा एकच कला धरावी असे मला वाटते, पण कोणती, आणि तिची सांगड त्या संध्याकाळशी कशी घालावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

उत्तर १ – विंगेतला

मी गेली अनेक वर्षे उन्हाळ्यात बालनाट्याची शिबिरे घेतो, आणि तरीही आपल्याला दहा दिवसांत नाटक बसवू नका असेच सांगेन. तीस मुलांचे नाटक म्हणजे पाच जणांना संवाद आणि पंचवीस जणांना झाड, ढग, सैनिक. ज्या मुलाला ‘तिसरे झाड’ व्हावे लागते त्याचे आईवडील तालमीच्या चौथ्या दिवशी दारात उभे असतात, आणि त्यांचे म्हणणे चुकीचेही नसते. शिवाय शेवटचे चार दिवस पाठांतर आणि ओरडण्यात जातात; खेळ, आवाज, शरीर, ऐकणे हे जे खरे शिकायचे असते ते बाजूला पडते.

एक वेगळा मार्ग सुचवतो. मराठीत मुलांसाठी मोठ्यांनी नाटक करण्याची चांगली परंपरा आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केले. पुढे १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची पद्धत पुण्यात आणली, जिच्यात मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात आणि विषय शाळा, घर, शेजार असे रोजचेच असतात. आपणही पंधरा मिनिटांचा एखादा प्रवेश आईबाबांकडूनच करवून घ्या, आणि प्रेक्षकांत मुलांना बसवा. चाळिशीतले गृहस्थ गणवेशात, पाठीला दप्तर लावून ‘बाई, याने माझे खोडरबर घेतले’ असे म्हणतात तेव्हा मुले जी हसतात, तशी ती स्वतःच्या कोणत्याही कार्यक्रमाला हसत नाहीत.

उत्तर २ – डहाणू_मास्तर

एकच कला धरण्याच्या आपल्या विचाराला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि साहित्याचा खर्च पाहता वारली चित्रकला सोयीची आहे. मात्र ‘वारली’ या नावाखाली मडक्यांवर आणि कॅलेंडरांवर चार माणसे काढण्याचा जो प्रकार शहरांत चालतो, तो कृपया टाळावा.

मुळात हे भिंतीवरचे चित्र आहे. शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतीला गेरू लावायचा, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग करायचा आणि बांबूच्या काडीचे टोक चेचून तिचा कुंचला करायचा, एवढ्यावर ते उभे राहते. लग्नाच्या वेळी सवाशिणी घरात जो चौक लिहितात आणि ज्यात पालघट देवी असते, तो धार्मिक विधीचा भाग आहे. तो मुलांकडून सजावट म्हणून काढून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेती, मासेमारी, झाडे, घरे, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच हे विषय मोकळेपणाने घेता येतात. कागदावर ही चित्रे १९७० च्या दशकात आली, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर पोहोचवली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता शिकवण्याविषयी. माणसाचे धड म्हणजे टोकाशी टोक लावलेले दोन त्रिकोण, हे मुलांना पाच मिनिटांत कळते आणि तिथेच वर्ग संपल्यासारखा वाटतो. खरे काम त्यापुढे आहे. पहिले दोन दिवस फक्त माणसे काढू द्यावीत : वाकलेला, ओझे उचलणारा, झाडावर चढणारा, भांडणारा. वरचा त्रिकोण किंचित कलला की माणूस चालू लागतो, आणि हे एकदा हाताला समजले की मूल तुम्हाला विचारायला येत नाही. तारप्याच्या नाचात तारपा वाजवणारा मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती गुंडाळत जातात. हे वळण कागदावर काढण्याआधी पटांगणात तीसही मुलांना हात धरून प्रत्यक्ष फिरवावे. आमच्या शाळेत एका मुलाने नाचून झाल्यावर सांगितले की बाहेरच्या टोकाला असलेल्याला जास्त पळावे लागते, आणि त्याच्या चित्रात टोकाच्या माणसांचे पाय खरोखरच लांब निघाले.

शक्य असेल तर डहाणू, तलासरी, विक्रमगड भागातून एखादा चित्रकार किंवा चित्रकर्ती दोन दिवसांसाठी बोलवा, मानधन आधी ठरवा आणि प्रवासखर्च वेगळा द्या. ‘आमच्याकडे तुमची प्रसिद्धी होईल’ हे वाक्य त्या मंडळींनी फार ऐकले आहे.

उत्तर ३ – कुडाळचो_झील

वरच्या दोन्ही उत्तरांचा मान राखून तिसरा पर्याय मांडतो, कारण आपल्याला वर्ग आणि संध्याकाळ यांची सांगड हवी आहे आणि ती चित्रकथीत, म्हणजे चित्रे दाखवत कथा गाण्याच्या कलेत, आपोआप बसते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने ही कला जपली. पूर्वी तिला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी तिथे घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी मुलांना तिथे जरूर न्यावे.

रचना साधी आहे. एका कथेच्या सुट्या चित्रांचा जो संच असतो त्याला पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो, वीणा, हुडूक (एक लहान चर्मवाद्य) आणि टाळ यांच्या साथीवर कथा गातो, आणि चित्र फिरवले की प्रसंग बदलतो. म्हणजे चित्र, गोष्ट, गाणे आणि सादरीकरण हे सारे एकाच वस्तूत आले.

रामायण-महाभारतातले प्रसंग ही पिंगुळीची पोथी, तिची नक्कल करण्याची गरज नाही. पद्धत तेवढी घ्यावी, आणि ती कोणाची आहे हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. गोष्ट मात्र घरातली असू द्या. आमच्या संकुलात दोन वर्षांपूर्वी पाच-पाच मुलांचे गट करून ‘२६ जुलै २००५ ला आपले घरचे कुठे अडकले होते’ हा विषय दिला होता. मुलांना घरी जाऊन विचारावेच लागले. कोणाचे आजोबा कुर्ल्याहून रुळांवरून चालत आले, कोणाच्या आईने रात्र बसमध्ये काढली. एका गटाच्या पोथीत आठ चित्रे होती आणि पाणी प्रत्येक चित्रात दोन बोटे वर चढत होते, हे त्यांना कोणीही सुचवले नव्हते. ज्या आजोबांची गोष्ट होती ते पहिल्या रांगेत बसून मध्येच ‘छत्री नव्हती रे, पिशवी होती डोक्यावर’ अशी दुरुस्ती करत होते, आणि सांगणारा मुलगा ती तिथल्या तिथे कथेत घेत होता.

प्रत्येक गटाला दहा मिनिटे धरली तर सहा गटांचा तास होतो. सगळ्यांच्या हातात चित्र आणि तोंडी वाक्य येते, त्यामुळे ‘तिसऱ्या झाडा’चा प्रश्न उरत नाही.

उत्तर ४ – माजघर

एक छोटी सूचना. मोठ्या बायकांनाही काही काम द्या, नाहीतर त्या केवळ खुर्च्या अडवतात (मीही त्यांतलीच). चैत्रगौरीच्या दिवसांत अंगणात चैत्रांगण काढायची आमची पद्धत होती : मध्ये मखरात गौर, भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, पाळणा, फणी-करंडा. अक्षय्य तृतीयेला गौरीचे दिवस संपतात, त्यामुळे मेअखेरीस ते विधी म्हणून काढता येणार नाही, पण मुलींनाच नव्हे तर मुलांनाही त्यातली चिन्हे चिमटीने काढायला शिकवता येतील. गुळगुळीत फरशीवर रांगोळी सरकते, तेव्हा आधी गेरूचा हात द्या. आणि पन्हे घरी करा, बाटलीतले आणू नका.

ठाणेकर_आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल समितीची बैठक झाली. मुलांसाठी घरच्या गोष्टींच्या पोथ्या ठरल्या. पहिले तीन दिवस मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे फक्त माणसे काढण्याचा सराव होईल, पण वारली आकृत्यांचा नव्हे, मुलांच्या स्वतःच्या हाताच्या माणसांचा, कारण दोन परंपरांची भेळ करू नये असे एका सदस्याने सुचवले आणि ते मला पटले. पालकांच्या प्रवेशासाठी सहा नावे आली आहेत. त्यांत आमचे सचिवही आहेत, त्यांना वर्गातल्या मॉनिटरची भूमिका हवी आहे. प्रवेशद्वारापाशी गेरू सारवून चिन्हे काढण्याचे काम दोन आज्यांनी अंगावर घेतले आहे.

सत्कार आणि भाषणे यंदा रद्द केली आहेत, त्यावरून थोडी नाराजी आहे. कार्यक्रम बरोबर साडेसहाला सुरू होईल आणि पहिलाच नाच गेल्या वर्षी राहिलेल्या त्या नऊ मुलींचा आहे. त्यांतली एक आता पुण्याला राहायला गेली आहे, पण ती येते असे तिच्या आईने कळवले आहे.